धुरीकाकांचे दोन दात

मातीच्या धंद्यात माणसाच्या अंगावर दोन गोष्टी साचतात, पांढरी धूळ आणि किस्से. धूळ आंघोळ केली की जाते. किस्से बायकोला पाठ झाले तरी संपत नाहीत. पोलिसांनी पांढरी पावडर बघून गाडी अडवल्याचा किस्सा तेवढा मी सांगणार नाही. तो आमच्या धंद्यातला प्रत्येक जण सांगतो, आणि निम्मे थापा मारतात.

आमच्या शेठचं दुकान फणसवाडीत, गोदाम माझगावला. विकतो काय, तर चायना क्ले. ज्या पांढऱ्या मातीच्या कपबश्या होतात ना, ती. खडक कुजून कुजून तयार होते. कच्छमधून येते, राजस्थानातून येते, थोडी आपल्या सिंधुदुर्गातनं. आणि नुसती कपात नाही जात. रंगात जाते, रबरात जाते, कागदात जाते, तोंडाला लावायच्या फेसपॅकमध्ये पण जाते.

आलेला माल पास करतात धुरीकाका. मूळचे कुडाळचे, राहायला लालबागला, आमच्याकडे चाळीस वर्षं. त्यांची पद्धत अशी, की खडा जिभेला लावायचा. चिकटला तर माती अस्सल. मग चिमूटभर माती पुढच्या दोन दातांत धरून हळू चावायची. रेती असली तर कचकच लागते.

छोट्या शेठनी, म्हणजे मालकांच्या मुलानं, एमबीए झाल्या झाल्या सॅम्पल लॅबला पाठवायला सुरुवात केली. पहिला रिपोर्ट चार दिवसांनी आला, रेती जास्त आहे म्हणून. काकांनी तो माल पहिल्याच दिवशी बाजूला काढून ठेवला होता.

"काका, मशीनला चार दिवस लागले," छोटे शेठ जरा ओशाळून म्हणाले.

"तिका दात नाय ना," काका म्हणाले.

तर ते पुढचे दोन दात म्हणजे काकांची नोकरी. लक्षात ठेवा, कारण गेल्या वर्षी ते हलायला लागले.

*

दादरच्या एक बाई घरी फेसपॅक बनवून विकतात. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा त्यांनी काकांची उलटतपासणीच घेतली. केमिकल नाही ना, भेसळ नाही ना, कुठल्या खाणीतली, कोणी धुतली. काका सगळ्याची नीट उत्तरं देत होते.

शेवटी बाई म्हणाल्या, "आणि हे ऑरगॅनिक आहे ना?"

काका म्हणाले, "बाई, माती आहे. हिच्यात आजपर्यंत काही उगवलेलं नाही."

बाई दर महिन्याला येतात. काकांशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलत नाहीत.

*

आमचा टेम्पोवाला सुनील जाधव, परळचा. एकदा पोट बिघडून तीन दिवस घरी होता. चौथ्या दिवशी आला तो औषधाची बाटली नाचवतच आला.

"वाच, वाच काय लिहिलंय. काओलिन! म्हणजे आपलीच माती ना रे? च्यायला, पंधरा वर्षं मी ही रोज नाकातोंडातून खातोय. मग माझं पोट बिघडलंच कसं?"



*

काकांचे वडील गिरणीत सायझिंग खात्यात होते. तिथे सुताला खळ लावायचे, आणि त्या खळीत हीच पांढरी माती घालायचे. कापड जाड दिसतं, हाताला भरीव लागतं. एका दिवाळीला वडिलांनी मोठ्या हौसेनं गिरणीतलं कापड आणलं आणि चारही भावंडांना शर्ट शिवले. पहिल्या धुण्यात बादलीतलं पाणी दुधासारखं झालं आणि शर्टातून पलीकडची भिंत दिसायला लागली.

काकांच्या आईनं शर्ट वडिलांच्या समोर धरला. "कापड हाडलात की माती?"

वडिलांनी शर्ट हातात घेऊन अंगठ्यानं चोळला. "माती तरी चांगली आसा गो," म्हणाले.

काका हे सांगताना दर वेळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतात. मातीचं वेड घराण्यातलंच म्हणायचं.

*

माझ्या लग्नाची पत्रिका मी पहिली काकांना दिली. गुळगुळीत, चकचकीत कागद. अशा कागदावर वरून मातीचाच थर असतो. काकांनी पत्रिका उजेडात धरली, अंगठा फिरवला, कोपरा जिभेला लावला. "कोटिंग झकास," म्हणाले आणि पत्रिका खिशात घातली.

लग्नाला आले ते दुसऱ्या दिवशी. हॉलमध्ये मांडव सोडणारी माणसं होती. काका आहेराचं पाकीट घेऊन तसेच माझ्या घरी आले आणि रागावून म्हणाले, "सतीश, तारीख सांगूक नको तू?"

*

आता दातांचं. वर्षभर काका डॉक्टरकडे जायला तयार नव्हते. "दात गेले की काम गेला. मगे मी हय काय करतलंय? गावाक जातंय." गावचं घर बंद, काकी वारल्या त्याला पाच वर्षं झाली. तिथे एकटा माणूस बसून काय करणार? आम्हाला फार वाईट वाटायचं. शेवटी एका सकाळी वडापाव खाताना एक दात पावातच राहिला. जाधवनं त्यांना टेम्पोत बसवून ठाकूरद्वारच्या डॉक्टर मॅडमकडे नेलं. मॅडमनी दुसराही काढला.

नवे बसेपर्यंत तीन महिने काका रोज गोदामात आले, पण गोणीला हात लावला नाही. माल लॅबला जायचा. काका दाराशी स्टुलावर बसून कालचा पेपर वाचायचे.

दात बसवायच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, "दोन पुड्ये बांधून हाड. एक चोख, एक नापास. खयची कसली ता सांगू नको. माका कळला नाय, तर मी गावाक चललंय."

नापास मालातली रेती अगदी बारीक होती. खोट्या दातांना ती काय कळणार? संध्याकाळी मी गिरगाव चौपाटीवर गेलो, मूठभर वाळू रुमालात बांधून आणली, सुकवली आणि त्यातली चिमूटभर चोख मातीत मिसळली. नापास पुडी म्हणून हीच द्यायची ठरवली. लबाडी होती, मान्य. पण काका गावी जाऊन बसलेले मला बघवले नसते.

दवाखान्यात मॅडम म्हणाल्या, "सिरॅमिकचे आहेत आजोबा. चिनी मातीच्या जातीतलेच म्हणा." काकांनी ती जोडी हातात घेऊन उजेडात धरली. "बरे भाजलेले आसत," म्हणाले आणि मग तोंड उघडलं.

दात बसले. काकांनी माझ्यापुढे हात केला. मी पहिली पुडी दिली. त्यांनी डोळे मिटून चिमूटभर चावली. "चोख."

दुसरी दिली. कच्च आवाज मलासुद्धा ऐकू आला. "अहो, आत्ताच बसवलेत ते," मॅडम म्हणाल्या. काका डोळे मिटून चावतच होते. इतका वेळ का लावतायत ते मला कळेना.

मग त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं.

"माती पयल्या पुडीतलीच आसा," म्हणाले. "रेती चौपाटीवरची. खारट लागता. उद्या गाडी किती वाजता येतली?"