दशकाच्या खुर्चीत मी

दहा वस्तू एकत्र दिसल्या आणि आमच्या शेजारणीने त्यांना रबरबँड लावला नाही, असं कसबा पेठेत कधी घडलेलं नाही. ती महापालिकेच्या शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. मंडईतून गवार आणली की निवडायच्या आधी शेंगांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायची. माझे कपड्यांचे चिमटे नेले, ते परत आले जुड्या होऊन. एकेक सोडवत मी साड्या वाळत घातल्या. लग्नाच्या पंगतीत दहा माणसं बसली की "एक दशक झालं" म्हणायची आणि अकराव्याकडे असं बघायची, की तो बिचारा सुटा पडल्यासारखा ताटावर वाकून जेवायचा.

मी चौथी शिकले. एकं, दहं, शतं छडी खाऊन पाठ केलं. कळलं काहीच नाही. हिच्या वर्गात पाठांतरच नव्हतं. फरशीवर खडूने तीन चौकोन: शतक, दशक, एकक. पोरं काड्या मोजायची. दहा झाल्या की जुडीला दोऱ्याची गाठ मारायला दुसऱ्याचं बोट लागायचं, म्हणून सगळी एकमेकांच्या अंगावर. गाठ बसली की जुडी घेऊन शेजारच्या चौकोनात धूम. तो गोंगाट रस्त्यापर्यंत यायचा.

पालक चिडले. पोरं नुसती खेळतात, दुसऱ्या शाळेत घालतो म्हणाले. तेवढी पोरं गेली असती तर वर्गच बंद पडला असता. शेजारीण माझ्याकडे आली.

"काकू, शनिवारी पालकांना बोलावलंय. तुम्हीही या. मला एक शून्य हवंय."

"वर्गात पोरं नाहीत का?"

"शून्य व्हायला कुणी तयार नाही."

"मग बरोबर माझी आठवण झाली."

गेले. गळ्यात शून्याची पाटी अडकवून तिने मला मधल्या चौकोनात, दशकाच्या खुर्चीत बसवलं. डावीकडे शंभराचा एकेक गठ्ठा धरून तीन पोरं, उजवीकडे एकेक काडी घेऊन पाच. मला काम एकच: काही करायचं नाही. इतकं अवघड काम मी जन्मात केलं नव्हतं. घसा कोरडा पडला, तशी मी उठून माठाकडे गेले.

सगळ्यांत मोठ्या आवाजाचा एक बाप म्हणाला, "घ्या. आता तीन आणि पाच, पस्तीस झाले."

गठ्ठ्यामागून जेमतेम दिसणारी त्याचीच लेक म्हणाली, "बाबा, आजी पाणी प्यायला गेल्यात. जागा कुठं गेलीय? माझ्या हातात शंभर आहेत."

"तीनशे पाच," सगळा वर्ग ओरडला.

बापाने एक जुडी उचलली. मग म्हणाला, "बरं, मधे एक जुडी ठेवली तर?" "तीनशे पंधरा." "दोन ठेवल्या तर?" मी पाणी पिऊन येते तोवर तो गृहस्थ जुड्या घेऊन माझ्या खुर्चीत, आणि बाकीचे पालक फरशीवर बसून गाठी मारतायत, एकमेकांची बोटं ओढून. "उठा, ती माझी जागा आहे," मी म्हटलं. शेजारीण फळ्याला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होती. एकही पोर शाळा सोडून गेलं नाही.

पुढे ती निवृत्त झाली आणि धायरीला लेकाकडे गेली. फोन करते, तिथल्या सोसायटीत कशाकशाच्या जुड्या बांधल्या ते सांगते. आमच्या दाराशी बाक आहे. संध्याकाळी एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला कोपऱ्यावरची फुलवाली, मधे ती, असं बसायचो. परवा फुलवाली बोलता बोलता माझ्याकडे सरकायला लागली.

"बस तिथंच," मी म्हटलं. "बाई धायरीला गेल्यात. जागा कुठं गेलीय?"