न पाहिलेल्या शाळेचा इतिहास

शाळेवर माझ्या बायकोच्या मावशीच्या यजमानांइतकं प्रेम करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि त्या शाळेत ते एक दिवसही गेलेले नाहीत. शाळा इंग्लंडमधल्या एका लहान गावातली. काका वाढले नागपुरात, इंजिनीअर झाले आणि गेली चाळीसेक वर्षं मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत राहतात. ते अकरा वर्षांचे असताना त्यांच्या डॉक्टर वडिलांना त्या इंग्लिश गावातल्या इस्पितळात नोकरी मिळाली होती. मुलाचं नाव शाळेत घालून झालं, शाळेचं माहितीपुस्तक टपालानं घरी आलं, त्यातला इमारतीचा नकाशा काकांनी पाठ केला, आणि बोटीची तिकिटं काढायच्या आठवड्यात काकांच्या आजोबांना अर्धांगवायू झाला. जाणं राहिलं ते राहिलंच. घरातले बाकीचे ते विसरून गेले. काकांचा नकाशा पाठ झालेला होता, त्यांना विसरणं जमलं नाही.

निवृत्त झाल्यावर इथले लोक हिरवळ कापतात, शेअर्स बघतात, नातवंडांना पोहायला सोडून येतात. काका त्या शाळेचा इतिहास लिहायला बसले. त्यांनी जुने वार्षिक अंक मागवले, तिथल्या नगरपालिकेच्या फायलींच्या प्रती मिळवल्या, ऐंशी वर्षांच्या माजी विद्यार्थ्यांना हुडकून काढून ईमेल पाठवल्या. शाळांचे इतिहास मीही थोडे चाळले आहेत. त्यांत संस्थापक उदार असतात, पहिले हेडमास्तर करारी असतात आणि इमारतीची कोनशिला बसवताना हवा नेहमी छान असते. काकांच्या इतिहासातले संस्थापक लोकरीचे व्यापारी आहेत, आणि त्यांनी शाळेला जमीन दिली कारण तिथं बारा महिने पाणी साचायचं आणि ती कुणी फुकट घेईना. सात हेडमास्तरांना मिळून एक प्रकरण आहे. गळक्या छपराला दोन. मी भीत भीत विचारलं, तर काका म्हणाले की हेडमास्तर निवृत्त व्हायचे, छप्पर तिथंच असायचं. मावशींचं मत वेगळं आहे. "त्या छपराची जेवढी काळजी केलीत तेवढी आपल्या बेसमेंटची केली असती, तर माझं कार्पेट वाचलं असतं," असं त्या एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. बेसमेंटमधलं पाणी खालून येतं आणि शाळेतलं वरून, हे दोन वेगळे विषय आहेत, असं काकांनी शांतपणे सांगितलं.

आमच्याकडे हिवाळ्यात बाहेर चालणं म्हणजे कान गमावणं, म्हणून सगळी वडीलधारी मंडळी सकाळी दुकानं उघडायच्या आधी मॉलमध्ये फिरतात. मी काकांबरोबर जातो. शटर खाली ओढलेली, दिवे अर्धे लावलेले, काचेच्या छतावर साठलेल्या बर्फातून झिरपणारा दुधी उजेड, आणि त्यात रबरी बुटांनी चालणारे म्हातारे. काका या मॉलमधून कधी चालतच नाहीत, ते त्या शाळेतून चालतात. बुटांच्या दुकानापाशी ते आवाज खाली आणतात, कारण तिथं वाचनालय आहे. चष्म्यांच्या दुकानाशी रसायनाची प्रयोगशाळा. तिथं ते नाक किंचित आखडतात. सरकत्या जिन्याशी आलो की सांगतात, "इथे डावीकडे राहा, उजवीकडून मोठ्या वर्गातली मुलं येतात." पहिल्या वर्षी मी मनात हसायचो. तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की मी डावीकडे राहतोय.

इंग्लंडातली मंडळी त्यांना शाळासोबतीच समजत. कुणी लिहायचं, भूगोलाचे मास्तर खडू फेकून मारायचे, आठवतं का? काकांनी खोटं कधी लिहिलं नाही. ते प्रत्येक आठवणीला प्रश्नानं उत्तर देत: खडू पांढरा असायचा की रंगीत? समोरचा खूश होऊन दोन पानं लिहून पाठवायचा.

मग मागच्या हिवाळ्यात माजी विद्यार्थी मंडळाच्या अध्यक्षबाईंची ईमेल आली. शाळा नव्या जागेत जाणार, जुनी इमारत पाडणार, निरोपसमारंभाला काकांचं पुस्तक छापायचं ठरलंय. मात्र मंडळाच्या नियमाप्रमाणे इतिहास माजी विद्यार्थ्यानंच लिहिलेला हवा, तेव्हा लेखकानं स्वतःच्या शाळेतल्या दिवसांवर दोन पानं जोडावीत. अकरा वर्षांचं काम दोन पानांवर येऊन अडकलं. काका जेवेनासे झाले. मावशींनी मला फोन केला, "जावईबापू, तुम्ही लिहिता ना? द्या काहीतरी खरडून, नाहीतर हे असेच भिंतीकडे बघत बसतील."

मला ते अवघड वाटलं नाही. पहिला दिवस, पाऊस, दाराशी घुटमळणारा परक्या देशातला मुलगा, खांद्यावर हात ठेवणारे मास्तर. सगळ्यांच्या आठवणी साधारण अशाच असतात. मी मॉलमध्ये बाकावर बसून काकांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं.

"त्या वर्षी पहिल्या दिवशी पाऊस नव्हता," ते म्हणाले.

"काका, कोण तपासणार आहे?"

"मी."

त्या दुपारी त्यांनी बाईंना पाच ओळी लिहिल्या. मी शाळेत आलोच नाही, माझं नाव काढून पुस्तक छापा, छपराची दोन्ही प्रकरणं तेवढी ठेवा.

उत्तर यायला नऊ दिवस लागले. सोबत हजेरीपटाच्या एका पानाचा फोटो होता. काकांचं नाव कुणीतरी सुबक अक्षरात लिहिलेलं, आणि पुढे नाताळच्या सुट्टीपर्यंत रोजची गैरहजेरी. तुम्ही येणार नाही हे शाळेला कुणी कळवलंच नव्हतं, बाईंनी लिहिलं होतं, त्यामुळे वर्गशिक्षक सत्रभर रोज सकाळी तुमचं नाव पुकारत राहिले. मंडळानं विचार केला. पटावर नाव आहे म्हणजे विद्यार्थी. हजेरीबद्दल नियमात काही नाही. पुस्तक तुमच्याच नावानं निघेल.

मावशींनी शिरा केला. मी अभिनंदन करायला गेलो, तर काका फोटो मांडीवर घेऊन खिडकीशी बसलेले. बाहेर बर्फ पडत होतं.

"तिथे हजेरी सकाळी नऊला," ते म्हणाले. "म्हणजे नागपुरात दुपार. मी तेव्हा आमच्या नगरपालिकेच्या शाळेत बसलेलो असणार. तिथे तर मी रोज जायचो हो."

त्यांनी फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरला.

"नागपुरात माझ्या शेजारी कोण बसायचं," ते म्हणाले, "ते काही आठवत नाही."