रोल नंबर एकची वाट

काल नेतृत्वगुणांच्या तासाला मी एमबीबीएसच्या मुलांना विचारलं, "पेशंट बिघडतोय, वरिष्ठ जवळ नाहीत. पहिलं कोण बोलणार?" सगळ्यांनी वळून रोल नंबर एककडे पाहिलं आणि माझ्या नाकात डांबरगोळ्यांचा वास भरला.

नव्वदच्या दशकात नवी मुंबईतल्या आमच्या वॉर्डातल्या लाल ब्लँकेटांना तो वास यायचा. राउंडला आम्ही रोल नंबरनं उभे राहायचो. सरांनी विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही आणि उत्तराची सुरुवात एक नंबरपासून, हा नियम. त्या सकाळी सर पुढच्या खाटांकडे गेले होते. आमच्यासमोर करावे गावचा, खाडीत मासेमारी करणारा माणूस होता. त्याला रक्त चढत होतं. एकाएकी तो इतका कुडकुडायला लागला की खाट वाजायला लागली.

"त्याला थंडी भरली हाय, कोनीतरी बगा ना," त्याची बायको म्हणाली.

रक्त जुळलेलं नाही, हे आम्ही सगळ्यांनीच ओळखलं. आदल्याच आठवड्यात परीक्षेच्या पेपरात आम्हीच लिहिलं होतं, आधी रक्त थांबवायचं. नळी बंद करायचं चाक माझ्या हातापासून वीतभर होतं. रोल नंबर एक त्या दिवशी आलाच नव्हता. दोन नंबर खाली बघत होता. माझा नंबर सातवा.

सर वळले तोवर रक्ताची पिशवी निम्मी झाली होती. संध्याकाळी तो गेला.

तो कुडकुडत होता तेव्हा मी अगदीच नुसती उभी नव्हते. धावत जाऊन ब्लँकेट आणलं, त्याच्या अंगावर घातलं.

"तू तरी ऐकलंस, बाय," त्याची बायको म्हणाली.