छज्जा नसलेलं शहर

आमच्या शहरातल्या इमारती पाहून काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन होतं, म्हणून मी दत्तूमामांना हौसेनं सोबत नेलं. आमच्या गल्लीतली निम्मी घरं या गवंड्याच्या हातची.

पाहतो तर पांढऱ्या कॅनव्हासवर एक राखाडी चौकोन आणि त्यात तीन काळे चौकोन. दोरीवरचे कपडे नाहीत, गच्चीवरची टाकी नाही, खिडकीतून हाक मारणारं कुणी नाही. माणसांचा एवढा कंटाळा असलेल्यानं शहराच्या वाटेला जावंच कशाला?

"अनावश्यक ते सगळं मी काढून टाकलंय," चित्रकार आमच्याकडे न बघताच म्हणाला.

मामा बराच वेळ त्या काळ्या चौकोनांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "साहेब, खिडक्यांवर छज्जे नाहीत. ऊन-पाऊस थेट घरात येईल."

चित्रकार अडाण्याला हसावं तसा हसला. भोवतालचेही हसले. रिकाम्या चौकोनापुढे माना डोलावणाऱ्या त्या मंडळींत, उन्हाची तिरीप कुठवर येते ते बघून आयुष्यभर छज्जे काढणारा माणूस वेडा ठरला.

बाहेर आलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आमच्या आधीच निघालेला चित्रकार गाडीची वाट बघत उभा होता. भिंतीला चिकटून, अंग चोरून, खिडकीवरच्या हातभर छज्ज्याखाली.