नळ आले

चहा जरा जास्तच टाका, हे सांगताना मला मधे दोनदा थांबावं लागतं. माणसानं कुणावरही जळावं, पण साडूवर जळू नये. साडूवर जळणारा माणूस शेवटी कुठं जाऊन उभा राहील, त्याचा नेम नाही. मी तर पट्ट्यापट्ट्याची चड्डी अन् बनियन अशा अवतारात, हातात घागर घेऊन, पोरीला बघायला आलेल्या पाव्हण्यांपुढं उभा राहिलो.

थांबा, असं मधूनच नको. पहिल्यापासून सांगतो.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. मी कलेक्टर हापिसात कारकून. पाटी नवी, टेबल नवं, साहेबाची जीप नवी. पाण्याचे हाल तेवढे जुने. त्या साली पावसानं दगा दिला होता आणि नळ आठ दिवसाला यायचा. गल्लीत कुणी "नळ आले" म्हणून ओरडलं की माणूस ताटावरून उठायचा. मी एकदा अर्ध्या गालाची दाढी करून पळालो होतो, आणि उरलेली अर्धी तशीच घेऊन हापिसात गेलो होतो.

आणि आमचे साडू, उत्तमराव, माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे मालक, नांदेडला राहायचे. गोदावरीकाठी. आता सांगा, माझ्या पोटात दुखणार नाही तर काय होईल?

आमच्या सुमनसाठी उत्तमरावांनी स्थळ आणलं होतं. पाव्हणे उमरीकडचे, पोरगा तिथंच मास्तर. बुद्धपौर्णिमेला संध्याकाळी पाच वाजता पोरगी बघायची, असं ठरलं. आम्ही दोन दिवस आधीच गेलो. एसटीत ही मला म्हणाली, "पोरीच्या जन्माचा प्रश्न हाय. तिथं तोंड जरा आवरा."

"मी काय बोलून राहिलो?" मी म्हणालो.

"अजून न्हाई. नांदेड आलं की सुरू करता."

बाई खरं बोलत होती. उन्हाळ्यात माणसं थंड हवेला जातात, आम्ही वैशाखात नांदेडला गेलो. पण उत्तमरावांनी नांदेड असं दाखवलं की जणू त्यांनीच वसवलंय. पहिल्या दिवशी गुरुद्वाऱ्यात लंगरला नेलं. पंगतीत बसलो. डाळ, रोटी, खीर. वाढणारा इतक्या प्रेमानं "और लो जी" म्हणायचा की मी आठ रोट्या खाल्ल्या. जिभेला चव लागली होती आणि मन जळत होतं. मग घाटावर नेलं. नदीच्या वाळूतली खरबुजं कापून दिली, मधासारखी गोड. "लातूरला मिळतात का अशी?" उत्तमरावांनी विचारलं.

"आमची मांजरा काय कमी हाय?" मी म्हणालो. मांजरेच्या कोरड्या पात्रात त्या साली पोरं क्रिकेट खेळत होती, हे मी सांगितलं नाही.

पण खरा जाळ घरी गेल्यावर झाला. उत्तमरावांनी कुलर घेतला होता. त्यात ते बकेटीनं पाणी ओतत होते. एक बकेट, दोन बकेटा, तीन. अहो, एका बकेटीत आमच्या घरी दोघांची आंघोळ व्हायची आणि तेच पाणी झाडाला नाही तर फरशीला जायचं. इथं वारं थंड करायला तीन बकेटा! वर हा माणूस पायपानं स्कूटर धुतो, मग अंगण धुतो, मग पायपाचं तोंड दाबून उगीच कडुनिंबावर पाणी मारतो.

"लातूरला पाण्याचं कसं?" त्यांनी पायप हातात धरूनच विचारलं.

हिनं मागून माझ्या शर्टाला ओढलं. पण मी कशाचा थांबतो. "पाण्याचं काय? जिल्हा झाल्यापासून चोवीस तास नळ हाय. बंद करायचा आमालाच कटाळा येतो."

"मंग पेपरात टँकर टँकर काय येऊन राहिलं?"

"ते खेड्यात. मुरुडला, औश्याला."

मुरुड माझं गाव. सख्ख्या गावाला मी तसंच उन्हात सोडलं.

रात्री हिनं मला सुनावलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. उत्तमरावांनी उमरीला निरोप धाडताना भर घालून सांगितलं, "आमचे साडू कलेक्टर हापिसात, घरात चोवीस तास नळ."

पौर्णिमेच्या दिवशी सकाळी विहारात गेलो. सगळी पांढऱ्या कपड्यात, वंदना झाली, खीर वाटली. उत्तमरावांना माणसं लवून जयभीम घालत होती, तेही माझ्या डोळ्यात खुपलं. घरी येऊन वर आमरस-पोळी जेवलो. पाव्हणे पाचला येणार, आता कुठं एक वाजला होता. कपडे चुरगळू नयेत म्हणून मी ते खुंटीला टांगले आणि कुलरपुढं आडवा झालो. ज्या कुलरवर दोन दिवस जळलो, त्याच्याच वाऱ्यानं मला गाढ झोप लागली.

तीनच्या सुमाराला अक्का, म्हणजे माझी मेव्हणी, ओसरीवरून ओरडली. कुलर घरघर करत होता. त्यात मला ऐकू आलं ते एवढंच:

"आवं, नळ… आले!"

पुढचं-मागचं मला काहीच आठवलं नाही. आपण नांदेडला आहोत, नळ दिवसातून दोनदा येतो, काही नाही. पायच उठले. स्वयंपाकघरात अंधार. घागर घेतली, बकेट घेतली, एका मोठ्या पातेल्यात पाणी दिसलं. शिळं असणार. ओतून द्यायचं पाप आम्ही लातूरकर करत नाही, म्हणून ते कुलरमधे रिचवलं आणि पातेलं काखेत मारून अंगणात धावलो.

नळापाशी एक पांढऱ्या धोतरातला म्हातारा पाय धुवत उभा होता. घाई नाही काही नाही, एक टाच घासतोय, मग दुसरी.

"सरका, सरका," मी म्हणालो, "नंबर माझा हाय."

"आवं, पाय धुवून राहिलो."

"प्यायच्या पाण्यानं पाय? लाज न्हाई वाटत? आमच्या लातुरात आठ आठ दिवस नळाला थेंब येत न्हाई!"

ओरडता ओरडता मान वर केली. तेव्हा मला दिसलं की ओसरीवर सतरंजी अंथरलीय, तिच्यावर चार माणसं बसलीत, त्यात एक मास्तरासारखा पोरगा आहे, आणि दारात सुमन तोंडावर पदर धरून उभी आहे. उत्तमराव पुढं आले. त्यांचं तोंड असं झालं होतं की जणू दिवाळी अन् जयंती एकाच दिवशी आली.

"नळगे साहेब, हे आमचे साडू," ते म्हाताऱ्याला म्हणाले. "पोरीचे वडील. लातूरला यांच्याकडं चोवीस तास नळ हाय."

नळगे. आडनाव होतं ते, अन् पाचचे पाव्हणे तीनलाच येऊन ठेपले होते. दोन दिवस सगळे नुसतं "उमरीचे पाव्हणे" म्हणत होते. अक्का ओरडली होती, "नळगे आले." मधला "गे" कुलरनं खाल्ला आणि उरलेलं मी खाल्लं.

आत जाऊन पँट चढवली. एवढ्यात हिचा आवाज आला, "पन्हं कुठं गेलं? पातेलंभर करून ठेवलं होतं." त्याच वेळी कुलरमधून सगळ्या ओसरीवर गूळ-वेलदोड्याचा थंडगार वास सुटला. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. हिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी मनात म्हटलं, मोडलं. पोरीचं स्थळ बापानं मोडलं. खरंच सांगतो, तेव्हा रडू येत होतं.

सुमन चहा घेऊन बाहेर गेली. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, असलं म्हाताऱ्यानं काहीच विचारलं नाही. म्हणाला, "बाई, एका घागरीत किती जणांचं भागवतीस?"

"चौघांचं," सुमन म्हणाली. "भांडी धुतलेलं पाणी झाडाला."

नळग्यांनी कप खाली ठेवला. "पसंत हाय आमाला. खरं सांगू का, चोवीस तास नळ ऐकून आमी यायचंच रद्द करून राहिलो होतो. उमरीला आमची हीर आटली. दोन कोसावरून पाणी आणतो. नळाखाली वाढलेली पोरगी तिथं किती दिस टिकंल? पण बापाची ही पळापळ बघितली अन् जीव भांड्यात पडला."

म्हणजे बघा. माझ्या बढाईनं लग्न मोडत होतं आणि माझ्या फजितीनं जमलं. हात दाखवून अवलक्षण करून वर पोरीचं लग्न जमवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल.

जेठात बार उडाला. उत्तमरावांनी आहेर काय दिला? पितळेची मोठी घागर. भांड्यावर आहेर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. कंठावर बारीक ठशानं खोदलेलं होतं, "उत्तमरावांकडून साडूभाऊंस", आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात, "नळ आले".

आल्या-गेल्याच्या नजरेला पडू नये म्हणून ती घागर मी माळ्यावर टाकणार होतो. पण काय करता, घरातली सगळ्यात मोठी घागर तीच. नळ आले की नळाखाली पहिली तीच लावतो.