सुमनताईने नाईलची ओटी भरली

माझी मोठी जाऊ सुमनताई विधवा होती. तिने नदीची ओटी भरली, तलावाची भरली, आणि ती त्यामुळे मेली नाही.

हार्टने गेली. डॉक्टर तेच म्हणाले.

आज वर्ष झालं. गावात कुजबुज अजून थांबलेली नाही, म्हणून इथे स्पष्ट लिहिते.

अर्जुनी मोरगावजवळच्या आमच्या गावचा तलाव आमच्या सासरच्या पूर्वजांनी बांधलेला. तो भरून वाहू लागला की घरच्या बायका पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन त्याची ओटी भरतात.

फक्त सवाष्णी.

यजमान गेल्यापासून ताई ताट घरी सजवायची, पाळीपर्यंत आणायची आणि तिथे कुणाच्या तरी सुनेच्या हातात द्यायची. स्वतः मागे उभी.

इजिप्तचं वेड माझं. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर भिंतीवरच्या नकाशात नाईलवरून छडी फिरवायच्या, तेव्हापासूनचं. टूर बुक करताना ताईला विचारलं, तर ती लगेच हो म्हणाली.

तिचा मुलगा चिडला. मुसलमानांच्या देशात कायले जातेस, त्यापेक्षा काशीला जा, म्हणाला.

"काशीले जाऊन आली ना मी," ताई म्हणाली. "तिथले पंडे मले वळखतात आता."

बॅगेत तिने स्वतःच्या धानाच्या शेतातले तांदूळ बांधून घेतले. मी सांगितलं, तिथे भात मिळतो. म्हणाली, माह्या बांधीतला नाही मिळत.

कैरोच्या जुन्या गल्ल्यांतून ती डोक्यावर पदर घेऊन निवांत फिरली. मशिदीच्या गार अंगणात खांबाला टेकून बसली आणि चक्क डुलकी काढली.

लक्झरला प्राचीन देवळाच्या आतच एक मशीद आहे. वर अजान, खाली दगडात कोरलेले देव. ताईने दोन्हीकडे हात जोडले.

मग आस्वान. शिडाची होडी, दोन्ही काठांना खजुराची झाडं.

ताईने पिशवीतून हिरवा खण काढला. हळकुंड, सुपारी, ते तांदूळ. नारळ नव्हता, म्हणून बाजारातले खजूर.

आमची गाइड डोक्याला रुमाल बांधलेली तरुण मुलगी. हे काय, तिने विचारलं. मी इंग्लिशमध्ये समजावलं, की नदी आमच्याकडे माहेरवाशिणीसारखी, तिची ओटी भरतात. आणि ताई विधवा आहे, म्हणून गावात तिला हे करू देत नाहीत.

गाइड म्हणाली, माझी आईपण विधवा आहे.

मग तिने ताईचं कोपर घट्ट धरलं, तोल जाऊ नये म्हणून. ताई वाकली आणि खणातलं सगळं हळूहळू पाण्यात सोडलं. मी तिला इतकं शांत कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर, गेल्या पावसाळ्यात तलाव भरला. ताईने ताट कुणाच्याही हातात दिलं नाही.

आमचा एक चुलत पुतण्या पुढे आला. काकू, हे बरं नाही, म्हणाला.

"नाईलले चालते," ताई म्हणाली, "तं तुमच्या तलावाले काऊन नाही चालत? सरक."

तो सरकला. सगळ्यांसमोर तिने ओटी भरली.

महिन्याभरात ताई गेली. आणि लोकांना कारण सापडलं.

मला विचारलंत तर तो महिना तिच्या आयुष्यातला सगळ्यात ताठ मानेचा महिना होता. पाळीवरून रोज संध्याकाळी चक्कर मारायची. मधोमध चालायची.

यंदा पाऊस उशिरा आला. काल तलाव सांडव्यावरून वाहू लागला. सकाळी त्याच पुतण्याचा मला फोन आला, की काकू, या वर्षी तरी सुनांनाच जाऊ द्या.

सुना येतीलच. मीही येणार आहे. माझेही यजमान आता नाहीत, हे गावाला ठाऊक आहे.

उद्या सकाळी आठ वाजता, पाळीवर. ज्यांना मला अडवायचंय त्यांनी फोन करू नये, समोर यावं.

सुमनताई, तुझी फार आठवण येते गं. शांत राहा.

तुझी धाकटी जाऊ