ग्राफ सुंदर आला तेव्हा

अंधेरीच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई पडद्यावरच्या अँटेनाशी आजारी मुलाशी बोलावं तसं बोलतात. "कुठे दुखतंय रे?" म्हणत त्याला हळूहळू फिरवून बघतात.

मढच्या मच्छीमारांसाठी आम्ही संकटात सिग्नल धाडणारं यंत्र बनवत होतो. त्याच्या अँटेनाची कॉम्प्युटरवरची चाचणी सारखी अडत होती. पोर्ट, म्हणजे रेडिओची लहर अँटेनात शिरते ते दार, अँटेनाच्या तांब्याच्या पट्टीला टेकत नव्हतं. आम्ही दार मोठं केलं. एरर गेली, सिग्नल किती जोरात जाईल ते दाखवणारा ग्राफ झकास आला. साहेब म्हणाले, "पाठवून द्या."

"थांबा ना," बाई म्हणाल्या. "इतकं गोड कसं? दार बाजूच्या पत्र्याला चिकटलंय. लहर भलतीकडूनच शिरतेय."

त्यांनी दार लहान केलं, पट्टीजवळची केसाएवढी फट बुजवली. ग्राफ पार कोसळला. साहेबांचं तोंड उतरलं, बाई मात्र खुलल्या. "आता खरं बोलतोय. चला, अँटेना नव्याने करू."

तो नवा अँटेना घेऊन होडी समुद्रात गेली. किनाऱ्यावर सिग्नल लख्ख आला. आम्ही टाळ्या वाजवत होतो. बाई पाण्याकडे बघत म्हणाल्या, "होडी अजून आत जाऊ दे."